शिळं रॉकेल आणि दुपारची खटखट

मी गेल्या वर्षीचं रॉकेल हीटरमध्ये ओतलं.

चूक एवढीच. बाकी जे काही झालं ते या एका वाक्याच्या पोटातून बाहेर आलं. त्यातला बहुतेक भाग मला आता नीट समजतो. एक तुकडा मात्र कुठेच बसत नाही... म्हणून इथे लिहायला बसलोय.

आधीच कबूल करतो, या सदरातले अनुभव मी जेवताना वाचतो. करमणूक म्हणून. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी — वाचायचं, हसायचं, ताट धुवायला टाकायचं. मी धंद्याने सॉफ्टवेअर टेस्टर. 'हे असं का झालं' याचं उत्तर शोधण्याबद्दलच मला पगार मिळतो. आणि स्क्रीनवर आलेली वॉर्निंग न वाचता 'ओके' दाबणाऱ्या लोकांवर मी ऑफिसात तासाभराचं लेक्चर दिलेलं आहे, स्लाइड्ससकट. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आम्ही राहतो फुनाबोरीला. टोकियोच्या पूर्वेकडे, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. बाकीचे भारतीय चांगल्या काँक्रीटच्या बिल्डिंगांत राहतात. मी 'जपानी घराचा फील' हवा म्हणून हट्टाने एक जुनं दुमजली लाकडी घर भाड्याने घेतलं. खाली ततामीची, म्हणजे विणलेल्या गवती चटयांची एक खोली, स्वयंपाकघर आणि चपला काढायचा तो खोलगट चौकोन — गेन्कान. वर दोन खोल्या. फील भरपूर आला. पहिल्या हिवाळ्यात तर तो खिडक्यांच्या फटींतून शिट्ट्या मारत आला. एसी लावला की गरम हवा छताला जाऊन बसायची आणि आम्ही खाली स्वेटरमध्ये.

यंदा जानेवारीत माझे सासरे आले, अप्पा. साताऱ्याच्या एका शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सासूबाईही येणार होत्या, पण त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऐन वेळी ठरलं, त्यामुळे त्या मागे राहिल्या. अप्पांना आदल्या वर्षी न्यूमोनिया होऊन गेलेला. त्यामुळे सुट्टी संपून बँकेत परत जायच्या आदल्या रात्री अनघाने — माझ्या बायकोने — मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "दिवसभर घरी तूच असणार आहेस. त्यांना थंडी वाजता कामा नये. त्यांना काही झालं तर मी आईला काय सांगू?"

मी म्हटलं, माझ्यावर सोड.

नवऱ्यांच्या इतिहासात या दोन शब्दांनी काय काय केलंय याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा.

तर हीटर. इकडून भारतात परत जाणाऱ्या कुटुंबांची एक पद्धत आहे. निघायच्या आधी ते ग्रुपवर 'सायोनारा सेल' लावतात. राइस कुकर, सायकल, मुलांची खुर्ची, अर्धं वापरलेलं हळदीचं पाकीट... सगळं. त्याच्या आदल्या मे महिन्यात एका कुलकर्णी कुटुंबाकडून मला रॉकेलवर चालणारा फॅन हीटर मिळाला, आणि सोबत अर्धा कॅन रॉकेल. फुकट. मी तो निळा कॅन सायकलच्या कॅरियरला बांधून आणला आणि वरच्या बाल्कनीत ठेवून दिला. तिथे त्याने जपानचा अख्खा उन्हाळा खाल्ला.

आता तुम्हीच सांगा, रॉकेल कधी शिळं होतं का? आपल्या लहानपणी मोरीखाली रॉकेलचा डबा असायचाच. कधीचा होता कोणी विचारलं होतं? दूध शिळं होतं, पोळी शिळी होते. दर आठवड्याला आमच्या गल्लीत रॉकेलची गाडी गाणं वाजवत यायची, शेजारचे लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे, आणि मी खिडकीतून बघत मनात म्हणायचो, बघा, काटकसर म्हणून नाही या लोकांना.

रविवारी मी हीटर काढला, पुसला, हातपंपाने रॉकेल भरलं. आणि हाती घेतलंच आहे तर नीट करावं म्हणून खोलीही बंदोबस्तात घेतली. खिडक्यांच्या फटींना स्पंजची टेप. काचांवर बुडबुड्यांचं प्लास्टिक. भिंतीत वर एक गोल झरोका होता, त्यातून सारखी गार हवा यायची. त्याच्यावर प्लास्टिकचे तीन थर आणि चिकटपट्टी. काम झाल्यावर मी हात झाडले आणि अप्पांना म्हटलं, आता मुंगी आत येणार नाही. अप्पा म्हणाले, "आतली बाहेर कशी जाणार?" मला तो विनोद वाटला.

सोमवारी सकाळी अनघा गेल्यावर हीटर लावला. लागला. थोडा वास आला, डोळे किंचित चुरचुरले. म्हटलं, वर्षभर पडून होता, येणारच. मी दोन उदबत्त्या लावल्या. अप्पा खूश. हीटरच्या समोर चटईवर रजई घेऊन बसले आणि त्यांनी वही काढली. त्या हीटरला पुढे एक छोटी काच असते, तिच्यातून ज्योत दिसते. अप्पांना ती ज्योत फार आवडली. निळी, आणि टोकाला जरा जरा पिवळी. त्यांनी वॉटरकलरने तिचं चित्र काढलं, फोटो काढून आईंना — म्हणजे सासूबाईंना — पाठवला. मग हा रोजचा कार्यक्रमच झाला. रोज एक ज्योत.

दुपारी तीनच्या सुमाराला मी कॉलवर होतो. डोकं जरा जड झालेलं. आणि बाहेरून आवाज आला.

खट्... खट्.

लाकडावर लाकूड. कोरडा, स्वच्छ आवाज.

तो आवाज मला ओळखीचा होता. डिसेंबरच्या शेवटी आमच्या गल्लीचं मंडळ संध्याकाळी सात वाजता फेरी काढतं. आपल्याकडे मंडळ गणपती बसवतं, यांचं मंडळ आग लागू देत नाही. पाच-सहा आजी-आजोबा, हातात बॅटऱ्या, आणि एकाच्या गळ्यात दोरीने बांधलेल्या दोन लाकडी कांड्या. त्या दोनदा आपटायच्या आणि सगळ्यांनी लांब सूर काढून म्हणायचं, "हि नो योऽऽजिन" — आगीपासून जपा. मला ते एवढं आवडलं होतं की मी त्याचा व्हिडिओ काढून तिन्ही फॅमिली ग्रुपवर टाकला होता. म्हणून आताही मी लगेच फोन घेतला, दार सरकवलं आणि बाहेर गेलो.

गल्लीत कोणी नाही. आमची गल्ली म्हणजे दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकमेकींना नमस्कार करूनच जाव्या लागतील एवढी. लपायला जागा नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त कुंड्या आणि ऊन. मी पाच मिनिटं उभा राहिलो, मागे दार उघडंच. मग आत आलो. डोकं हलकं वाटलं. अप्पांना विचारलं, तर त्यांनी मशीन काढून ठेवलेलं. घरात असले की सेल वाचवायला ते कानात मशीन घालत नाहीत.

मंगळवारी हीटर दोनदा आपोआप बंद पडला. छोट्या पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा चमकायला लागला, सोबत टुंईटुंई. मी काय केलं असेल? बरोबर. ओके दाबलं. परत चालू. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होतं, प्लास्टिकच्या आतून. मी म्हटलं, किती ऊब आहे बघा. अप्पांनी ज्योत रंगवली. निळा रंग कमी लागला, लिंबू-पिवळा जास्त. तीन वाजता — खट्... खट्. मी बाहेर. कोणी नाही. परत आत.

बुधवारी माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. मी बाम लावला. अप्पा जेवण झाल्यावर लगेच पेंगले, ते चहालाच उठले. म्हटलं, जेट लॅग. येऊन दोन आठवडे झाले होते, पण वयाप्रमाणे जेट लॅगही मुक्कामाला राहत असेल. हीटरच्या तोंडाशी पांढऱ्या पत्र्यावर काळपट छाया आली होती, ती मी ओल्या फडक्याने पुसली. ज्योत आता सोनेरी झाली होती. अप्पा म्हणाले, "प्रसादराव, अगदी समईसारखी दिसतेय हो." आम्ही दोघांनी — एक ड्रॉइंग मास्तर, एक इंजिनीअर — तिच्याकडे कौतुकाने बघितलं. घरात मंगल वातावरण वगैरे.

तीन वाजता पुन्हा खटखट झाली. या वेळी जवळ, अगदी दाराशी. मी दार उघडेपर्यंत थांबली. आता मला राग आला. माझं रोज कॉलच्या मधोमध उठणं व्हायला लागलं होतं.

गुरुवारी दुपारी तीनच्या आधीच मी शेजारी कोबायाशी-सानांकडे गेलो, डब्यात चिवडा घेऊन. इकडे तक्रारसुद्धा रिकाम्या हाताने करत नाहीत. कोबायाशी-सान पंचाहत्तरीचे. मंडळाच्या फेरीचे यंदाचे प्रमुख तेच, आणि कचऱ्याच्या दिवसाचेही. प्लास्टिक चुकीच्या वारी टाकलं तर ते पिशवी परत तुमच्या दारात आणून ठेवतात, वर वाकून नमस्कारही करतात. मी माझ्या मोडक्या जपानीत विचारलं, की फेरीची प्रॅक्टिस दुपारी असते का, म्हणजे मला त्रास काहीच नाही, पण...

त्यांनी चिवड्याचा डबा दोन्ही हातांनी घेतला. मग गेन्कानच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला कांड्यांची ती जोडी टांगलेली. दोरी गुंडाळून गाठ मारलेली, वर कागदी चिठ्ठी. म्हणाले, तीस डिसेंबरला आम्ही ही ठेवून देतो, मग पुढच्या डिसेंबरपर्यंत कोणी हात लावत नाही. दुसरी जोडी नाही.

आणि आम्ही दोघं तिथे उभे असताना, ती जोडी समोर खिळ्यावर गप्प लटकत असताना, आमच्या घराच्या बाजूने आवाज आला.

खट्... खट्.

मी म्हटलं, हा. हाच.

कोबायाशी-सान म्हणाले, कुठला?

त्यांना ऐकू आला नव्हता. म्हातारे आहेत, म्हटलं. घरी गेलो, दार उघडलं, उघडं ठेवूनच गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आलो. काही नाही. अप्पा आतून झोपेत म्हणाले की वारा येतोय. दार लावून घेतलं.

आता शुक्रवार.

शुक्रवारी सकाळी मला उलटीसारखं होत होतं. आदल्या रात्रीच्या पनीरवर मी संशय घेतला. अप्पांनी अकरा वाजताच चित्र काढलं, आईंना पाठवलं आणि आडवे झाले. जेवायला उठवलं तर नको म्हणाले. मी म्हटलं झोपू दे, ऊब आहे, सुखात आहेत. अनघाला मेसेजही टाकला, 'अप्पा एकदम मजेत.'

अडीच वाजता आईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या एरवी रात्री जेवण झाल्यावर करतात. म्हणजे आमच्याकडे मध्यरात्री, ही तक्रार वेगळी. आज साताऱ्यात सकाळचे अकरा वाजलेले. मी म्हटलं, अप्पा झोपलेत. त्या म्हणाल्या, "त्यांचं राहू द्या. आज यांनी पाठवलंय ते चित्र कसलं आहे?"

मी म्हटलं, हीटरची ज्योत, रोजचीच.

"ती नाही दिसत रोजची. सोमवारी निळी होती. आज सगळी नारिंगी आहे आणि वर काळं काढलंय. यांच्या मनाचं आहे की खरंच तशी आहे?"

मी हसलो. म्हटलं, आई, कलाकाराचं स्वातंत्र्य असतं. त्या म्हणाल्या, "कलाकाराला राहू द्या. मला तो हीटर दाखवा."

मी फोन फिरवला. खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदाच मी त्या काचेकडे नीट बघितलं. ज्योत नारिंगी होती आणि फडफडत होती. वर पत्र्यावर काजळीचा जाड पट्टा, परवाच पुसलेल्या जागी.

आणि आवाज सुरू झाला.

या वेळी दोनदा नाही. खट् खट् खट् खट्... थांबेचना. दारावरच कोणी आपटतंय असा. त्या जुन्या घराच्या काचा थरथरत होत्या असं मला वाटलं. आणि फोनमधून आई म्हणाल्या, "कोण टिपऱ्या बडवतंय तिकडे? बंद करायला सांगा, मला ऐकू येत नाही."

मी फोन हातात घेऊनच दाराकडे गेलो. चार पावलांचं अंतर. पाय माझे नव्हतेच, कोणाकडून तरी उसने आणलेले. दार सरकवलं. आवाज कापल्यासारखा थांबला. गल्लीत ऊन, कुंड्या. गार हवा तोंडावर आली आणि मी गेन्कानमध्ये चपलांच्या ढिगावर बसलो. बसलो म्हणजे... पडलो.

फोनमधून आईंचा आवाज येतच होता. ओरडत नव्हत्या. चाळीस वर्षं एका घरात दोन मुली आणि एक ड्रॉइंग मास्तर सांभाळलेल्या बाईचा आवाज.

"प्रसादराव. उठा. तो स्टोव्ह भडकलाय. पिवळी ज्योत म्हणजे काजळी, आणि काजळी म्हणजे खोलीत विष. आधी तो बंद करा. मग यांना ओढत बाहेर आणा. ओढत. उठवत बसू नका."

मी रांगत आत गेलो. बटण दाबलं. अप्पांची रजई दोन टोकांना धरली आणि अप्पांसकट ततामीवरून दाराकडे ओढली. ततामीवर रजई फार छान घसरते, हे एक त्यातल्या त्यात. त्यांचं डोकं गेन्कानच्या काठाशी आणलं, उघड्या दारात. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. काही नाही. त्या एका मिनिटाबद्दल मला जास्त लिहायचं नाही. अनघाचा स्वयंपाकघरातला तो प्रश्न माझ्या कानात होता, आणि ज्यांना उत्तर द्यायचं त्या आई फोनवरच होत्या, बघत होत्या.

मग अप्पांनी एक डोळा उघडला, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "विमान उतरलं का?"

फोनमधून आई म्हणाल्या, "उतरलं. पडून राहा."

जानेवारीत दार सताड उघडं टाकून दोन परदेशी माणसं उंबऱ्यात आडवी पडलीयेत हे बघून कोबायाशी-सान आले. त्यांनी आत फक्त नाक घातलं, वळले आणि अँब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात आम्हा जावई-सासऱ्यांना शेजारी शेजारी ऑक्सिजनचे मास्क लावले. रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी सोडलं. अनघा बँकेतून थेट तिथे आली. रडली नाही, ओरडली नाही. मास्कमुळे मला बोलता येत नव्हतं, हे त्या वेळी देवाने केलेलं. तिने एकच विचारलं, "झरोक्याला टेप कोणी लावली?"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी डोळे मिटले.

डॉक्टरांनी सगळं समजावलं. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येईलच असं नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. बाहेर गेलं की बरं वाटतं, म्हणून माणूस परत आत जातो. त्यांनी विचारलं की दिवसातून खोली उघडली जायची का. मी म्हटलं, दुपारी तीनला, रोज, काही मिनिटं. ते म्हणाले, ती सवय चांगली होती, तिने तुम्हाला शुक्रवारपर्यंत आणलं. सवय कोणाची, हे मी सांगितलं नाही.

घरी आल्यावर कोबायाशी-सानांनी ओट्यावर दोन ग्लास ठेवले. एकात त्यांच्या कॅनमधलं रॉकेल, एकात माझं. त्यांचं पाण्यासारखं. माझं फिकट चहासारखं. आणि वास आंबूस. अतिशय नम्र जपानीत म्हणाले, प्रसाद-सान, हे गेल्या वर्षीचं आहे का? उरलेलं रॉकेल इथे मार्चमध्येच पेट्रोल पंपावर नेऊन देतात म्हणे. उन्हात तर ते नासतंच. लहान मुलांनाही माहीत असतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही, पण त्यांचा चेहरा बोलका आहे.

आता तुमच्यातले काही जण कमेंट लिहायला सरसावले असतील. थांबा, मीच लिहितो. या विषारी हवेने कानात आवाज येतात, भास होतात. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि सोमवार ते गुरुवारचा आवाज मी त्या खात्यात टाकायला एका पायावर तयार आहे. कोबायाशी-सानांकडे उभा असतानाही तो माझ्याच डोक्यात वाजला असेल. घेतलं.

पण शुक्रवारी आई साताऱ्यात होत्या. खिडक्या उघड्या, समोर परसात कढीपत्ता. त्यांनी कुठला धूर घेतला होता? मी त्यांना नंतर न सुचवता विचारलं, नेमकं काय ऐकलंत? म्हणाल्या, "लाकडं. आधी लांबून दोनदा आला, तेव्हा तुम्ही कलाकाराचं स्वातंत्र्य सांगत होतात. मग थांबेचना." ते पहिले दोन तर मला ऐकूही आले नव्हते.

ऑफिसातल्या एका मित्राने सुचवलं, कॉलमधला बिघाड असेल, नेटवर्कची खरखर. असेल. मी टेस्टर आहे, मी तो आवाज पुन्हा निर्माण करायचा प्रयत्न केला. त्याच फोनवर, त्याच खोलीत, त्याच वेळी, सोळा वेळा. नाही आला. हीटरचा पत्रा तापून वाजत असेल म्हणून तो बंद हीटर ठोकून पाहिला, आईंना ऐकवला. "हे डब्याचं वाजतंय, ते लाकूड होतं," असा निकाल मिळाला.

मग मी कोबायाशी-सानांना सगळं सांगितलं. आणि खरं तर मला काय ऐकायचं होतं ते तुम्हालाही ऐकायचंय. मी विचारलं, पूर्वी या गल्लीत फेरी मारणारे कोणी... म्हणजे जे आता नाहीत, आमच्याच घरात राहणारे, आगीत वगैरे...

ते म्हणाले, आधीचे प्रमुख तुमच्याच घरात राहायचे.

माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं, आणि त्यांचं काय झालं?

म्हणाले, उरायासुला मुलाकडे राहतात. गुडघे दुखतात. तुमचा चिवडा थोडा पाठवला होता. परवाच फोन होता, आवडला म्हणाले.

म्हणजे भूत व्हायला उमेदवारसुद्धा नाही. सगळे जिवंत, सगळे चिवडा खाऊन आहेत. कांड्यांची जोडी खिळ्यावर, गाठ जशीच्या तशी. ती मी शनिवारीच जाऊन बघितली. कोबायाशी-सानांना मात्र यात नवल वाटलंच नाही. ते "असं का" म्हणाले, आत गेले आणि एक तक्ता घेऊन आले. पुढच्या डिसेंबरच्या फेरीचा. त्यात माझं नाव घातलं, पाचही दिवस.

अप्पा फेब्रुवारीअखेर ठणठणीत परत गेले. ज्योतींची पाचही चित्रं मी फ्रेम करून हीटरच्या रिकाम्या जागी लावलीयेत, सोमवार ते शुक्रवार, निळ्यापासून काळ्यापर्यंत. येणारे जाणारे विचारतात, मी सांगतो, हा जावयाच्या अकलेचा आलेख आहे. झरोका उघडा आहे. गार हवा येते. येऊ दे.

आणि या डिसेंबरात मी फेरी मारली. पाचही दिवस, संध्याकाळी सात वाजता. शेवटच्या दिवशी कोबायाशी-सानांनी कांड्या माझ्या गळ्यात घातल्या. आमच्या दाराशी आलो तेव्हा मी आईंना व्हिडिओ कॉल लावला, साताऱ्यात दुपारचे साडेतीन. मागे अप्पा दिसत होते, मशीन कानात. म्हटलं, आई, नीट ऐका. आणि दोनदा आपटल्या.

आई म्हणाल्या, "हाच. पण तो माणूस तालात वाजवत होता."

मी म्हटलं, आई, काय असेल हो ते? मी वर्षभर विचार करतोय. 

 आई म्हणाल्या, "कोण होतं ते मला नाही ठाऊक, प्रसादराव. पण त्या बिचाऱ्याला पाच दिवस हेलपाटे घालावे लागले. शहाण्या माणसाकडे एक फेरी पुरली असती."